मोज्यातला चाकू

२ जानेवारी

एकोणतीस वर्षं पाळी संपली की नोंदवहीत लिहीत आले. किती प्रवासी, किती पिशव्या उघडल्या, काय काय काढून घेतलं. परवा निवृत्त झाले आणि काल संध्याकाळी हात आपोआप पेन शोधायला लागला. म्हणून ही वही. विमानतळावर माझ्या पाठीमागे सगळे मला 'झडतीबाई' म्हणायचे. आता स्वतःचीच झडती घेईन म्हणते.

निरोपाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. सगळ्यांना तेच मिळतं. ह्यांनी मात्र अस्तराच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी जड हातात ठेवलं. सोडून बघते तर धारेचा दगड. एक बाजू खरखरीत, एक गुळगुळीत.

"अहो, हे काय? बायकोला दगड?"

"लागेल तुला," एवढं म्हणाले आणि पुढच्या खोलीत मशीनवर जाऊन बसले. एका गिऱ्हाइकाचा कोट उद्या द्यायचा आहे म्हणे. शिंप्याशी संसार केला की कोट नेहमी उद्याच द्यायचा असतो.

ह्यांच्या कात्र्या बाजारातल्या धारवाल्या काकांकडे जातात, घरी कधी दगड नव्हता. म्हणजे स्वयंपाकघरातल्या सुऱ्या बोथट आहेत, असं सुचवायचं असणार. तेहतीस वर्षं झाली, माणसाने सरळ बोलावं की नाही? रागारागाने टोमॅटो चिरायला घेतले. ते चिरडले गेले, हा भाग वेगळा.

५ जानेवारी

कपाट आवरलं. खरं तर कपाट हे निमित्त. खालच्या खणात, अगदी मागे, ह्यांचा जुना लोकरी मोजा आहे, एकच. त्यात एक घडीचा चाकू आहे आणि एक चिठ्ठी. कितीतरी वर्षं मी त्या मोज्याला हात लावला नव्हता. आज लावला.

लिहूनच टाकते. एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. टोकदार काहीही विमानात न्यायचं नाही, हा नियम तेव्हा नुकताच कडक झाला होता. एक साठीचे गृहस्थ आले. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली काड्यांची जुडी, तान्हं मूल धरावं तशी छातीशी. खिशातून हा चाकू निघाला. शिंगाची मूठ, एका टोकाला घडीचं पातं, दुसऱ्या टोकाला झाडाची साल उचलायची हाडाची चपटी जीभ.

"बाई, कलमं बांधायचा चाकू आहे हा," ते म्हणाले. "माझ्या वडलांचा. भावाचं नासपतीचं झाड वादळात मोडलंय, खुंट तेवढा जिवंत आहे. त्यावर या काड्या बांधायच्यात. दोन दिवसांत बांधल्या नाहीत तर वाळतील हो."

मोठी बॅग पुढे गेलेली, विमानाची शेवटची हाक झालेली. म्हणाले, "मग जपून ठेवाल का? पाच दिवसांनी परत येतोय, घेऊन जाईन."

काढून घेतलेली वस्तू पेटीत जाते आणि पेटी वितळवायला जाते, हा नियम मला तोंडपाठ होता. तरी तोंडातून निघालं, "ठेवते." त्यांनी माझं शाईचं पेन घेऊन कागदावर पत्ता लिहिला. उजव्या हातातली जुडी काही केल्या खाली ठेवेनात, दुसऱ्याच हाताने लिहिलं. ओल्या शाईवरून हात फिरत गेला आणि सगळी अक्षरं फरफटली. वाचता येतात एवढंच. आत जाताना त्यांनी सवयीने सदऱ्याचा खिसा चाचपला. खिसा रिकामा लागला तसा हात हळूच खाली आला. तो हात मी अजून विसरलेले नाही.

मी चाकू माझ्या डब्याच्या पिशवीत टाकून घरी आणला. चौथ्या दिवशी मुलाला सणसणून ताप आला आणि मी आठवडाभर रजेवर. परत गेले तर मैत्रीण हसत सांगते, "अगं, एक आजोबा चाकू मागायला आले होते. 'त्या बाईंनी ठेवलाय' म्हणे! म्हटलं, इथे कुणी काही ठेवत नसतं."

पोस्टाने पाठवायचा, तर मी तो उचलला हे माझ्याच अक्षरात कबूल करायला हवं. नोकरी जाईल म्हणून आज नको, उद्या बघू, असं करत राहिले. वर्षं गेली. लोकांच्या पिशव्या उपसून त्यांना चार शब्द सुनावणारी मी, आणि माझ्याच घरात हा ऐवज. लाज वाटते.

चाकू गंजून घट्ट बसलाय, पातं बाहेरच येत नाही. असा कसा परत द्यायचा? आणि द्यायचा कुणाला? ते गृहस्थ असतील का अजून? त्या काड्या तर वाळल्याच असणार. माझ्यामुळे.

पण परत द्यायचा. ठरलं.

९ जानेवारी

धारवाल्या काकांकडे गेले. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. दोन फिरती चाकं, पाण्याचं घमेलं, भिंतीवर खिळ्यांना न्हाव्यांचे वस्तरे आणि शिंप्यांच्या कात्र्या, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी बांधलेली. काकांना कानाने कमी ऐकू येतं, पण पात्यावर नख मारून ते कानाशी धरतात आणि त्यातलं सगळं त्यांना कळतं.

"एका ओळखीच्यांचा आहे," मी म्हटलं.

काकांनी चाकूचा वास घेतला. "कशात ठेवला होता?"

"मोज्यात."

"लोकर दमट धरते. धुतलेला तरी होता ना मोजा?"

मग त्यांनी मला तीन गोष्टी बजावल्या. चमकवायचा नाही. "लोक जुना चाकू चाकावर धरतात, आरसा करतात आणि म्हणतात, बघा, नवा केला. अहो, नवा हवा तर दुकानात जा की! गंज काढायचा, वय नाही काढायचं." दुसरी, सांध्यात तेल सोडायचं आणि तो आपण होऊन हलेपर्यंत जोर करायचा नाही. तिसरी, धारेला हात लावायचा नाही. धार सगळ्यात शेवटी, इथे, त्यांच्यासमोर.

"मग तुम्हीच करा ना सगळं," मी म्हटलं.

"छे. तुमच्या तोंडावरून दिसतंय, तो तुम्हालाच करायचाय. दगड मिळालाय ना साहेबांकडून?"

हे कात्र्या द्यायला गेले असतील तेव्हा बोलले असतील. पुरुष दुकानात टेकले की घरातल्या सुऱ्यांपर्यंत सगळं बोलून येतात.

१२ जानेवारी

सकाळी तेल. संध्याकाळी तेल. ढिम्म.

१७ जानेवारी

हलला!

दुपारी हे मशीनवर होते. मी बाल्कनीत बसून नखाच्या खाचेत अंगठ्याचं नख घातलं आणि सहज ओढून पाहिलं, तर पातं थोडं सरकलं. परत तेल, परत मिटलं, परत ओढलं. असं वीसेक वेळा केलं असेल. तपकिरी तेल फडक्यावर येत राहिलं. शेवटी अर्ध्यावर एकदा टक आणि पूर्ण उघडल्यावर एकदा टक. इतका खणखणीत आवाज, की आतलं मशीन थांबलं.

"उघडला?" ह्यांनी विचारलं.

"काय उघडला?"

मशीन परत सुरू झालं. मग, "डबा गं. झाकण निघत नव्हतं म्हणालीस ना सकाळी."

मी असं काही म्हटल्याचं आठवत नाही. ह्यांचंही आता वय झालं.

पातं फार झिजलेलं आहे. नखाची खाच वरच्या कडेला असते आणि धार खालच्या. इथे धार झिजत झिजत खाचेच्या अगदी जवळ आली आहे. एवढं पोलाद गेलं कुठे? एका माणसाच्या हयातीत कलमं बांधून इतकं झिजत असेल?

२३ जानेवारी

आठवडाभर लाल गंज काढतेय. तेल, बारीक तारांची घासणी आणि धीर, यातलं शेवटचं माझ्याकडे कमी. खालून पातं काळसर निघतंय. मला वाटलं तेही घासायचं, पण काकांनी दटावलं. लाल खातो, काळा राखतो, म्हणाले. ती काळी छटा म्हणजे चाकूची कातडी. मुठीच्या मधला खिळा सैल होता, तो त्यांनी बारक्या हातोडीने हळू हळू ठोकून बसवला. शिंगाला तेल पाजलं तर मधासारखा रंग आला.

मुठीच्या एका बाजूला अंगठा टेकून टेकून खळगा पडला आहे. मी चाकू हातात धरला तर माझा अंगठा त्यात बसत नाही, पार दुसरीकडेच जातो. त्यांच्या वडलांचा हात मोठा असणार.

पूर्वी मी अशा वस्तू मिनिटाला एक बघायची. धार, टोक, लांबी, पेटी. कशाच्याच मुठीकडे कधी बघितलं नाही.

२८ जानेवारी

पत्र टाकलं. पाच वेळा लिहिलं. पहिल्यात इतकी कारणं दिली होती, की वाचणाऱ्याला वाटावं, चूक त्यांचीच. शेवटचं आठ ओळींचं झालं. 'तुमचा कलमाचा चाकू मी पेटीत टाकला नाही, घरी आणला, आणि भीतीने परत केला नाही. तो माझ्याकडे आहे. नीट करतेय. कुठे आणून देऊ?' खाली सही. आता तक्रार झाली तरी झाली.

३ फेब्रुवारी

आज मी फार खूश आहे आणि का, ते काकांना उद्या-परवा कळेल!

कलमाच्या चाकूला धारेचा उतार एकाच बाजूला असतो, दुसरी बाजू साफ सपाट. त्या सपाटीमुळे काप सरळ येतो आणि काडी खुंटाला घट्ट चिकटते. हे मी वाचनालयातल्या बागकामाच्या पुस्तकात वाचलं. त्यात चित्रही आहे. चाकू हातात धरून धार खाली केली, की उतार उजवीकडे हवा आणि नखाची खाच डावीकडे. या चाकूची खाच बरोबर डावीकडेच आहे. पण उतार? तोही डावीकडे! म्हणजे कारखान्याने बरोबर केलेला चाकू मध्येच कुणीतरी अडाण्याने चुकीच्या बाजूने घासून ठेवला होता. बिचारे गृहस्थ एवढी वर्षं तसल्या चाकूने काम करत होते.

परत द्यायचाच आहे तर बरोबर करून द्यावा. चार दिवस दुपारी ह्यांचा दगड घेऊन बसले. उजवीकडे उतार काढला, डावी बाजू सपाट केली. पुस्तकातल्या चित्रासारखा झालाय हुबेहूब. कागद सर्रकन कापतो. धारेला हात लावू नका म्हणाले होते काका, पण बघितल्यावर बोलायचे बंद होतील.

५ फेब्रुवारी

काका बोलायचे बंद झाले, हे खरं.

बराच वेळ पातं उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "उतार आधी कुठल्या बाजूला होता?"

"चुकीच्या. मी बरोबर केला."

"माणूस कुठल्या हाताचा?"

"मला काय माहीत?"

"बाई, माझ्याकडे डावखुऱ्या शिंप्यांच्या दोन कात्र्या येतात. त्या मी उजव्या करून दिल्या तर ते मला याच घमेल्यात बुडवतील. घरी जा आणि आठवा."

घरी येऊन मोज्यातली चिठ्ठी काढली. ह्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, डावखुऱ्या माणसाचं अक्षर ओळखू येतं का हो?"

"येतं की," हे सुईत दोरा ओवत म्हणाले. "शाईचं पेन असलं तर पुसलेलं असतं. हात लिहिल्यावरूनच पुढे जातो ना त्यांचा."

जुडी खाली ठेवायची नव्हती म्हणून नाही, ते डावरेच होते! मुठीवरचा तो खळगाही त्यामुळेच. चाकू डाव्या हातात धरला, अंगठा अलगद आत बसला. महिनाभर सगळं माझ्या हातात होतं आणि मी पुस्तकातलं चित्र बघत बसले. जो एक चाकू परत द्यायचा, त्याची मी वाट लावली. आधी नेला, आता बिघडवला. रडू आलं.

६ फेब्रुवारी

"फिरवता येईल परत," काका म्हणाले. "एकदाच. आणखी थोडं पातं जाईल. पुन्हा चुकलात तर चाकू नाही, दाभण उरेल."

"तुम्ही चाकावर कराल?"

"चाकावर तापेल. इतकं पातळ पातं तापलं, निळं पडलं, की त्याचं पाणी उतरलं. मग ते लोणी कापायच्या कामाचं. हातानेच करायला हवं, दगडावर. बसा."

बसले. दोन तासांत कसंबसं शंभर वेळा घासून झालं. दर दहाला ते पातं उजेडात धरून बघतात आणि हूं म्हणतात. मी शाळेत असताना कुणी हूं म्हणालं की अशीच घाबरायची.

१० फेब्रुवारी

उत्तर आलं. पाकीट ह्यांच्या कात्रीनेच कापलं.

'आजोबांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. ते तुम्हाला यायला सांगतात. चाकू घेऊन या. काय ते समोर बोलू. नात.'

आजोबा आहेत! देवा, आहेत! पाच मिनिटं मी नुसती स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होते. मग 'काय ते समोर बोलू' परत वाचलं आणि खुर्चीत बसले.

१५ फेब्रुवारी

झाला. शेवटचं घासणं गुळगुळीत बाजूवर. काकांनी पात्याची सपाट बाजू काचेवर ठेवून उजेड येतो का बघितलं. आला नाही. नखाने टिचकी मारली, कानाशी धरला. हूं म्हणाले नाहीत. "चांगला आहे," म्हणाले. बाहेर पडल्यावर मी जिन्याशेजारी दोन मिनिटं उगाच उभी राहिले.

पातं अजून अरुंद झालंय. ते मी लपवणार नाही. सांगेन.

१८ फेब्रुवारी

ह्यांना सगळं सांगितलं. पाच तासांचा प्रवास, एकटी कुठे चाललीस, हे विचारणारच होते. मान खाली घालून पहिल्यापासून सांगितलं, डब्याच्या पिशवीपासून पुस्तकातल्या चित्रापर्यंत.

हे उठले. मशीनच्या खणातून एक लोकरी मोजा काढून माझ्यासमोर ठेवला. त्या मोज्याचा जोडीदार.

"नऊ वर्षांपूर्वी थंडीत याचा दुसरा शोधत होतो," म्हणाले. "सापडला. जड लागला. आत बघितलं आणि परत ठेवून दिला. तू सांगशील म्हणून थांबलो."

"नऊ वर्षं!"

"नोकरीत असताना सांगणार नाहीस, हे कळत होतं. म्हणून निवृत्तीला दगड दिला."

मला इतका राग आला, की मी त्यांच्याशी जेवणापर्यंत बोलले नाही. जेवताना विचारलं, "मोजा गंजाने खराब झालाय, दुसरा आणू का?" म्हणाले, "हा धू, चालेल." मग दोघंही हसत सुटलो. किती दिवसांनी पोटभर जेवले.

२१ फेब्रुवारी

आत्ताच बसमधून उतरून आले. चहा घेतला. सगळं आजच लिहायचं, एकही गोष्ट सुटायला नको.

जाताना पाच तास चाकू मांडीवरच्या पिशवीत होता. बसमध्ये झडती कोण घेणार?

घर रोपवाटिकेच्या कडेला. पिशव्यांतल्या रोपांच्या रांगा, ओल्या मातीचा वास, फाटकाला तारेची कडी. नात तिशीची, बोटांना कलम बांधायची पट्टी चिकटलेली. तिने मला बसा म्हटलं नाही.

"तीन वर्षं," ती म्हणाली. "पत्ता दिलाय म्हणून तीन वर्षं आजोबा पोस्टमन आला की उठून या फाटकापर्यंत यायचे. आम्ही हसायचो त्यांना. तुम्हाला एक पाकीट टाकता येऊ नये?"

"नाही टाकलं," म्हटलं. "चुकलंच."

एवढ्यात आतून आवाज आला, "कोण, झडतीच्या बाई का? आत येऊ दे गं त्यांना, बस हाडं खिळखिळी करते."

ते खिडकीशी बसले होते. खूप बारीक झालेत, पण डोळे तेच. मी घोकून आणलेलं सगळं विसरले आणि भलतंच विचारलं.

"त्या काड्या? वाळल्या ना?"

"कुठल्या?"

"नासपतीच्या. भावाच्या झाडाला बांधणार होतात त्या."

"वाळतील कशाला!" त्यांना आश्चर्यच वाटलं. "भावाच्या गल्लीत न्हावी होता. त्याच्याकडून वस्तऱ्याचं नवं पातं मागून आणलं. अकरा बांधल्या, आठ लागल्या. भाऊ अजून फोनवर कुरकुरतो, फळं इतकी येतात की वेचायला माणूस मिळत नाही."

आठ लागल्या. एकोणीस वर्षं मी एक वाळलेलं झाड छातीवर घेऊन हिंडत होते, आणि ते तिकडे फळांनी वाकत होतं! मी तिथेच, त्यांच्यासमोर, पदर तोंडाला लावून रडले. दुःखाने नाही. नातीने पाण्याचा पेला आणून दिला आणि खुर्ची पुढे सरकवली.

मग चाकू दिला. त्यांनी तो डाव्या हातात घेतला, अंगठा खळग्यात गेला. उघडला. टक, टक. मिटला, परत उघडला. सपाट बाजूवरून अंगठा फिरवला आणि थांबले.

"धार कुणी लावली?"

सांगितलं. एकही गोष्ट न गाळता. पुस्तकातलं चित्र, 'कुणीतरी अडाण्याने', उजवा केला, परत डावा केला, पातं गेलं.

ते हसायला लागले. इतके, की ठसका लागला आणि नात पाठ चोळायला धावली.

"अहो, तो अडाणी मीच!" ते म्हणाले. "माझे वडील उजवे. चाकू घडवलेला उजव्या हातासाठी. एकोणिसाव्या वर्षी माझ्याकडे आला तो, तर मला एक काप सरळ जमेना. त्यांना न विचारता महिनाभर घासून फिरवला. पातं निम्मं झालं! वडील पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी काड्यांची जुडी समोर टाकली आणि म्हणाले, 'बांध आता.'"

म्हणजे पोलाद तिथे गेलं होतं. मी बरोबर ओळखलं होतं, फक्त अडाणी कोण ते ओळखलं नव्हतं.

नात इतका वेळ चाकूकडे बघत होती. "मी उजवी आहे," ती म्हणाली. "कलमं आता मीच बांधते, आजोबांचे हात थरथरतात. पहिल्यांदा केला होतात तसाच ठेवला असतात तर मला उपयोगी पडला असता."

म्हणजे चुकले ते बरोबर होतं आणि सुधारलं ते चूक? या चाकूने माझी पाठ सोडायची नाही असंच ठरवलंय की काय?

"तुला तुझा आहे ना," आजोबा म्हणाले. "हा माझा. जा, एक काडी आण."

तिने काडी आणली, पिशवीतलं एक रोप आणलं. त्यांचे हात खरंच फार थरथरत होते. मला बघवेना. पण पातं लाकडाला टेकलं आणि थरथर थांबली. एकच ओढ. लांब, तिरका, ओला काप. रोपाचा शेंडा छाटून त्यालाही तसाच काप दिला. दोन्ही काप एकमेकांवर बसवले आणि खिडकीच्या उजेडात धरले. मधून उजेडाची रेघही दिसत नव्हती.

"बांध," ते नातीला म्हणाले. तिने पट्टी गुंडाळली. मग माझ्याकडे बघून पहिल्यांदाच हसली. "लागेल हे," म्हणाली.

मी विचारलं, "माझ्यावर रागावला नव्हतात का हो कधी?"

"रागावलो की. तीन वर्षं रागावलो. मग म्हटलं, बाईंनी ठेवते म्हटलंय, म्हणजे कुठेतरी ठेवला असेल. पेटीत तर नाही ना गेला."

चारच्या बसला निघाले तर ते काठी घेऊन फाटकापर्यंत आले. नात नको नको म्हणत होती. ऊन कलतीला आलं होतं. मी रस्ता ओलांडून थांब्यावर उभी राहिले आणि मागे बघितलं. त्यांनी सवयीने सदऱ्याचा खिसा चाचपला. हात तिथेच थांबला. बस येईपर्यंत तो तिथून हलला नाही.